एका बोर्डावर दोन

सुयोगनं ब्लोअर आणला कुडाळच्या बाजारातून,
साडेपाचशेला, पोपटी, मुठीएवढा,
तोंड निमुळतं, मुडदुशीसारखं.
"काकी, आता फुकूक नको," म्हणाला,
"बटन दाब आणि बघ."

पहिल्या दिवशी मी बटन दाबलं
आणि शेगडीतली सगळी राख
पुण्याच्या पाव्हण्यांच्या सोलकढीत.
एकानं तरी हसून प्यायली,
दुसऱ्यानं बिलातनं तीस रुपये कापले.

शिकले मग.
आधी राख झाडायची, मग वारा द्यायचा.
वरून नाही, खालून, तिरका,
सुरुवात लांबून, मग हळूहळू जवळ,
नव्या वासराला हात लावतात तसा.
करवंटीचा कोळसा लगेच ऐकतो,
तडतडतो, लाल होतो,
आणि तसाच निघूनही जातो.
ऐनाचा हट्टी. त्याच्यापाशी थांबावं लागतं,
पण एकदा धरला की सुरमईच्या दोन खेपा निघतात.

पंचवीस मिनिटांचं काम सहावर आलं.
उरलेल्या एकोणीस मिनिटांत मी काय केलं
ते कुणी विचारलं नाही.
लसूण सोलली. मोबाईल बघितला.
एकदा नुसती बसले,
कर्लीचं मातकट पाणी समुद्राच्या हिरव्यात
कुठवर शिरतं ते बघत.

फुंकणी भिंतीला टेकून उभी आहे अजून,
पितळेची, मामंजींची,
तोंडाकडे झिजून पातळ झालेली.
तिच्यात कुंभारमाशीनं घर केलंय.

मामंजी पन्नास वर्षं
देवबागेतल्या लग्नांत, म्हाळांत चुलाणापुढे बसले.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाकडे धरला,
म्हणाल्या, आत सगळं धुकं आहे.
म्हणून त्यांचंही एक मशीन:
पांढरं, घरघरणारं, औषधाची वाफ करणारं,
नळी, मास्क.
ब्लोअरचा आणि त्याचा आवाज जवळजवळ एकच.
मांजर दोन्हींना सारखंच भितं.

दोघांना बोर्ड एक.
त्यातलं एक सॉकेट गेल्या चतुर्थीत जळलं.
नवीन आणू, आणू, चाललंय.

काल अकरा ताटं.
कोल्हापूरची मंडळी, भुकेली, पोरं वाळूत लोळत,
बांगडे चिरा पाडून, मसाला लावून तयार,
कोळसा नुकता कडेनं लाल व्हायला लागला होता
आणि आतून तो आवाज आला,
खोकला नाही, खोकल्याच्या अलीकडचा.

मी पिन काढली.
दुसरी घातली.
वायर पुरेना, तर खाटच ओढली दारापर्यंत.
मास्क चढवला, रबर कानामागे नीट केलं.
मग फुंकणी उचलून उंबऱ्यावर आपटली.
माशीची माती पडली,
मातीत एक हिरवी अळी, अजून वळवळणारी.
पदरानं तोंड पुसलं तिचं, आणि फुंकायला लागले.

चार फुंकरांत डोळ्यांपुढे काजवे.
कोळसा काळाच.
बाहेरून, "ताई, अजून किती वेळ?"

मास्कमधून बोलता येत नाही.
मामंजींनी खाटेची कड वाजवली.
मी वळून बघितलं.
त्यांनी माझ्या गालांकडे बोट केलं, हलवलं: नाय.
मग दोन बोटं स्वतःच्या बेंबीवर ठेवली, दाबली.
हयसून.

मी श्वास खाली नेला,
लांब सोडला. अजून लांब.
त्यांचं पोट माझ्याबरोबर वर, माझ्याबरोबर खाली,
जेवढं जाईल तेवढं.
मशीन आपलं घरघरत होतं मध्ये.

ऐनानं एका कोपऱ्यातनं हो म्हटलं.

बांगडे टाकले. तेल ठिबकलं, धूर उठला.
मी धावत जाऊन दार लोटून घेतलं,
त्यांनी पायानं ते परत उघडलं.